.१७७ ब्रेक-बॅरल रायफलचा ग्रुप फाकतोय, नळीत लायनर बसवावा का?

खारघर_सेक्टर

नमस्कार मंडळी. भारतीय बनावटीची जुनी ब्रेक-बॅरल स्प्रिंग रायफल आहे (नळी खाली वाकवली की आतली स्प्रिंग दाबली जाते, म्हणजे रायफल कॉक होते), कॅलिबर .१७७ म्हणजे ४.५ मिमी. १० मीटरवर पाच छर्‍यांचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पसारा, पूर्वी केंद्रापासून केंद्रापर्यंत १२ ते १४ मिमी यायचा, आता ३५ मिमीच्या आसपास जातो. फाक उभ्या दिशेने जास्त आहे, आडवी कमी. दोन पावसाळे रायफल कपाटात पडून होती. नळीच्या तोंडाशी तपकिरी डाग दिसतात आणि मागून टॉर्च मारला की आतही कुठेकुठे काळपट ठिपके दिसतात.

रबाळ्याला एक ओळखीचे लेथवाले आहेत. त्यांचं म्हणणं, नळी आतून मोठी बोअर करून त्यात तयार रायफलिंग (आतल्या पिळदार खाचा) असलेली पातळ नळी, म्हणजे लायनर, चिकटवू, रायफल नवी होईल. माझे प्रश्न असे:

१. लायनर घरगुती पातळीवर खरंच नीट बसतो का? किती फट ठेवायची, कोणता गोंद?
२. नळी खरंच संपली आहे हे ओळखायचं कसं?
३. लायनर नको, तर दुसरं काय तपासू?

छर्रे ०.५३ ग्रॅमचे, चपट्या तोंडाचे. उघडी साईट, स्कोप नाही.

---

बोअर_गेज (रबाळे)

लायनरचं आधी बोलतो, कारण ते काम एकदा केलं की मागे फिरता येत नाही.

तत्त्व सोपं आहे. जुनी नळी आतून मोठी करायची आणि त्यात रायफलिंग कापलेली पातळ नळी सरकवून चिकटवायची. एअर रायफलमध्ये हे चालतं, कारण इथे ना बारुदाची उष्णता आहे ना तो दाब. चांगला इपॉक्सी किंवा हवा बंद झाल्यावर धरणारा रिटेनिंग गोंद टिकतो. गोंदासाठी दोन्ही बाजूंना मिळून एक दशांश मिलिमीटरच्या आतच फट ठेवतात. म्हणजे गोंद हा भाग अवघड नाही. अवघड आहे ते भोक.

समजा नळी ४०० मिमी लांब आहे आणि लायनरसाठी ८ मिमीचं भोक लागतं. म्हणजे व्यासाच्या ५० पट खोल भोक. साधा ट्विस्ट ड्रिल व्यासाच्या सात-आठ पटीपुढे गेला की चिप्स बाहेर यायला तयार नसतात, टोक हलायला लागतं आणि भोक एका बाजूला सरकतं. लांब शँकचा ड्रिल लावून सावकाश केलं तरी टोक जिकडे मऊ लागेल तिकडे जातं. असं भोक सरळ जायला गन-ड्रिल लागतो. त्याच्या टोकातून दाबाने कूलंट येतं आणि चिप्स मागे ढकलल्या जातात. टीटीसी म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात डीप-होल ड्रिलिंग करणारे आहेत, पण ते हायड्रॉलिक सिलेंडर आणि मोल्डच्या कूलिंग चॅनेलवर काम करतात, आणि एका नळीच्या सेटिंगचा खर्च नव्या बॅरलच्या वर जाईल. तुमच्या ओळखीच्या लेथवर चालेल ते फार तर लांब ड्रिल आणि लांब रिमर. मागच्या बाजूला केंद्रात असलेलं भोक तोंडाशी अर्धा मिलिमीटर बाजूला निघालं, तर फ्रंट साईट वेगळ्या ठिकाणी आणि छर्रा वेगळ्या ठिकाणी. ते साईटने कधीच पूर्ण भरून निघत नाही.

दुसरी अडचण ब्रीचची, म्हणजे नळीच्या मागच्या, छर्रा घालायच्या टोकाची. ब्रेक-बॅरल रायफलमध्ये नळी मागच्या ठोकळ्यात दाबून बसवलेली असते. लायनर त्या ठोकळ्याच्या तोंडाशी एकदम समपातळीत आला पाहिजे, आणि छर्रा रायफलिंगमध्ये शिरतो तिथे हलका निमुळता उतार हवा. उतार जास्त झाला तर छर्रा आत सैल बसतो, कमी झाला तर त्याची शेपटी वाकते. मध्ये कुठे गोंदाचा पोकळ बुडबुडा राहिला तर तिथे लायनर आधाराविना राहतो, आणि पातळ नळी ताण बदलला की हलते.

तिसरी, तोंडाजवळचा चोक. बर्‍याच चांगल्या नळ्यांत शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये भोक किंचित, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबाने, आवळलेलं असतं. तुकडा कापून घातलेल्या लायनरमध्ये ते असेलच याची खात्री नाही.

आणि कायदा. २०१६च्या शस्त्र नियमांत परवान्याशिवायच्या एअर रायफलसाठी २० ज्यूल आणि ४.५ मिमी अशी मर्यादा आहे. तुमची रायफल त्यात बसते. पण नळी बदलणं किंवा बनवणं ही देखभाल राहत नाही, ते शस्त्र बनवण्याच्या हद्दीत जाऊ शकतं. ते काम परवाना असलेल्या कारखान्याकडे किंवा विक्रेत्यामार्फत करून घ्यावं. ओळखीच्या लेथवाल्याने अशा कामाला हात लावला तर अडचण त्याचीही होऊ शकते.

शेवटी, मऊ शिशाचे छर्रे स्टीलची नळी सहज झिजवत नाहीत. जी नळी मुळात चांगली होती ती झिजून संपली, असं फार क्वचित होतं. ती खराब होते ती गंजाने, चुकीच्या रॉडने तोंडाला लागलेल्या ओरखड्यांनी किंवा पडून वाकल्याने. म्हणून आधी बाकी सगळं तपासा, नळीवर संशय सगळ्यात शेवटी.

---

दहा_मीटर_ठाणे

वरच्या उत्तराशी शंभर टक्के सहमत. तपासायचा क्रम मी लिहिते, आणि क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या तीन गोष्टींना पैसे लागत नाहीत.

पहिलं, लाकडी स्टॉकचे स्क्रू. पुढच्या भागातले दोन आणि ट्रिगर गार्डचे, सगळे. स्प्रिंग रायफलचा झटका दोन्ही दिशांना असतो. पिस्टन सुटताच रायफल मागे येते, मग पिस्टन हवेच्या उशीवर आदळतो आणि ती पुढे जाते. या हिसक्यांनी स्क्रू हळूहळू सुटतात, आणि पावसाळ्यात फुगलेलं लाकूड ऑक्टोबरमध्ये सुकलं की उरलेली पकडही जाते. ग्रुप फाकण्याचं हे सगळ्यात सामान्य कारण आहे. स्क्रू काढा, आट्यांतलं तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टाका, मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर प्रत्येकी एक थेंब लावा आणि खाचेत घट्ट बसणार्‍या बिटने आवळा. बिट लहान असला तर स्क्रूचं डोकं खराब होतं. फार जोर लावू नका, लाकूड दबलं की काही दिवसांत स्क्रू परत सैल. दबलेलं आधीच दिसत असेल तर डोक्याखाली कप वॉशर घाला.

दुसरं, पिव्हट, म्हणजे नळी ज्या बोल्टवर वाकते तो सांधा. बॅरल बंद असताना तोंडाकडे धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. किंचितही टकटक जाणवली तर पिव्हट बोल्ट सैल आहे. आवळण्याची खूण अशी: रायफल कॉक केलेली असताना नळी ज्या कोनात ठेवाल तिथेच राहायला हवी, स्वतःच्या वजनाने खाली पडता कामा नये. ही तपासणी करताना हाताचा आधार नळीखाली तसाच ठेवायचा, पकड फक्त हलकी करायची. ट्रिगरच्या आसपास बोट नको आणि ब्रीचच्या तोंडात बोट तर मुळीच नको. कॉक झालेली नळी सुटली तर बोट तुटू शकतं, ही अतिशयोक्ती नाही.

तिसरं, ब्रीच सील. टिश्यू पेपरची एक सेंटिमीटर रुंद पट्टी बॅरल आणि सिलेंडरच्या सांध्यावर आडवी ठेवा, छर्रा घाला, सुरक्षित बॅकस्टॉपवर (छर्रा अडवणार्‍या आडोशावर) मारा. पट्टी फडफडली किंवा उडाली तर तिथून हवा जातेय. मग पट्टी सांध्याच्या बाजूंनाही ठेवून बघा, गळती बर्‍याचदा एका बाजूलाच असते. रिकामी मारून तपासू नका. छर्रा नसला की पिस्टनला थांबवायला पुढे हवेची उशी उरत नाही, तो थेट आदळतो आणि सील फुटतं.

आता तुम्ही म्हणालात की फाक उभी आहे. यातून एक हिशेब निघतो. एखाद्याकडे क्रोनोग्राफ असेल तर दहा छर्‍यांचा वेग मोजा. समजा वेग १३८ ते १६१ मीटर प्रति सेकंद असा डोलतोय. १० मीटर जायला १३८च्या वेगाने सुमारे ०.०७२ सेकंद लागतात आणि छर्रा २६ मिमी खाली येतो. १६१च्या वेगाने ०.०६२ सेकंद, खाली १९ मिमी. फरक सात मिमी. हवेचा विरोध धरला तर थोडा वाढेल. म्हणजे एवढी गळती असली तरी ३५ मिमीच्या ग्रुपमधला सात-आठ मिमीच तिच्या नावावर जातो, उरलेलं दुसरीकडे शोधायचं. सील बदलून थांबू नका, एवढ्यासाठी हे लिहिलं.

चौथं, धरण्याची पद्धत. स्प्रिंग रायफल टेबलाच्या कडेवर किंवा सँडबॅगवर थेट टेकवून मारली की झटक्यावेळी ती उसळते आणि प्रत्येक वेळी वेगळी उसळते. पुढचा तळहात सपाट, रायफल त्याच्यावर नुसती ठेवलेली, मुठीत धरलेली नाही. तळहाताखाली पिशवी चालेल. हात प्रत्येक वेळी त्याच जागी हवा, स्टॉकवर मास्किंग टेपची खूण करा. इंचभर पुढे-मागे झालं तरी उभा फरक पडतो.

अपेक्षाही नीट ठेवा. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ साली कैरोत ज्या प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवलं, त्या १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर १० चं वर्तुळ फक्त अर्ध्या मिलिमीटरचं असतं. पण तिथल्या रायफली दाबलेल्या हवेच्या सिलेंडरवर चालतात, झटका जवळजवळ नसतो, वेग १७० मीटरच्या आसपास अगदी स्थिर असतो. स्प्रिंगच्या रायफलीकडून १२ मिमीचा ग्रुप ही चांगली कामगिरी आहे, तुमचं लक्ष्य तेच.

---

नळी_आणि_क्राउन

छर्‍यांबद्दल आणि नळीबद्दल.

रायफल दोन पावसाळे कपाटात होती, तर छर्‍यांचा डबाही तिथेच असणार. तो उघडून बघा. शिशावर पांढरी भुकटी आली असेल तर ते छर्रे वापरू नका. खाडीजवळच्या दमट हवेत शिसं असं पांढरं पडतं. त्या थराने छर्‍याचा आकार आणि घर्षण दोन्ही बिघडतं, आणि ती भुकटी पोटात जाणं धोक्याचं. छर्रे हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, छर्रे तोंडात धरायचे नाहीत, मुलांच्या हातात डबा द्यायचा नाही. नवा डबा घेताना डोक्याचा व्यास बघा: ४.४९, ४.५०, ४.५१ असे छापलेले असतात. दोन मापांचे लहान डबे घेऊन तुमच्या नळीला कोणतं माप जास्त आवडतं ते तपासा.

आता नळी झिजली की नाही. रायफल कॉक न करता, स्प्रिंगचा ताण लागायच्या आधी जेवढी उघडते तेवढीच उघडा, आणि दुसर्‍या माणसाने नळी घट्ट धरून ठेवायची. चुकून कॉक झालीच तर नळी न सोडता पूर्ण उघडा, छर्रा घाला, बंद करा आणि बॅकस्टॉपवर मारून मोकळी करा. ब्रीचमध्ये छर्रा बसवून नायलॉन आवरण असलेल्या किंवा लाकडी रॉडने हळूच पुढे ढकला. हाताला काय लागतं त्यावर लक्ष द्या. सुरुवातीला रायफलिंगमध्ये शिरताना जोर लागतो, मग एकसारखा सरकतो, शेवटी चोक असेल तर पुन्हा घट्ट. मध्येच सैल होऊन सटकला तर त्या जागी नळी फुगलेली किंवा गंजाने खाल्लेली आहे. मध्येच अडकला तर गंज किंवा शिशाचा थर आहे. बाहेर पडलेला छर्रा भिंगाखाली बघा. रायफलिंगच्या रेषा सगळीकडून सारख्या उमटलेल्या असाव्यात. एका बाजूला रेषा खोल आणि दुसर्‍या बाजूला पुसट असतील तर नळी वाकलेली असू शकते. छर्‍यावर रेषाच उमटत नसतील तर रायफलिंग खरोखर गेलं आहे, आणि तेव्हाच नव्या बॅरलचा विचार.

साफ करताना ब्रीचकडून तोंडाकडे जायचं, उलट नाही. साधा उपाय म्हणजे गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी. एक टोक लायटरने किंचित वितळवून गुठळी करा, गुठळीच्या आधी सुती कापडाचा तुकडा ओवा. दोरीचं दुसरं टोक ब्रीचकडून आत घालून तोंडाने बाहेर काढा आणि कापड तोंडाकडे ओढून घ्या. पहिली दोन कापडं नळी साफ करायच्या द्रावणात भिजवलेली, मग दहा मिनिटं थांबा, मग कोरडी कापडं, रंग यायचा थांबेपर्यंत. तपकिरी येतंय तो गंज, राखाडी येतंय ते शिसं. गंज हट्टी असेल तर कापडावर धातू पॉलिश करायची पेस्ट अगदी थोडी लावून आठ-दहा वेळा ओढा, मग द्रावणाने ती पेस्ट पूर्ण काढा. स्टीलचा ब्रश किंवा स्टील वूल नळीत घालू नका. लोखंडाची उघडी सळई तर कधीच नाही, तिने रायफलिंगच्या कडा झडतात आणि मग खरंच नळी संपते.

साफ केल्यावर लगेच ग्रुप मारून निराश होऊ नका. कोरड्या नळीत पहिले दहा-वीस छर्रे इकडेतिकडे जातात, मग शिशाचा पातळ थर बसतो आणि ग्रुप एकत्र येतो. मोजणी त्यानंतर.

क्राउन, म्हणजे तोंडाची आतली कड. गंज तिथेच दिसतोय म्हणता, तर हे नक्की करा. कानात घालायची कापसाची काडी तोंडाच्या कडेवरून आतून बाहेर फिरवा. कापसाचे धागे कुठे अडकले तर तिथे बर (धातूचा उठलेला कंगोरा) किंवा खड्डा आहे. छर्रा नळी सोडतो त्या क्षणी त्याच्या शेपटीमागची हवा कडेवरून चहूबाजूंनी सारखी सुटली पाहिजे. एका जागी फट असली तर हवा तिथून आधी सुटते आणि छर्र्‍याला बाजूला ढकलते.

दुरुस्ती घरी होते. नळीच्या आत तोंडापासून इंचभर मागे ग्रीस लावलेली कापडाची गोळी घट्ट बसवा, म्हणजे पेस्ट आत जाणार नाही. गोल डोक्याचा पितळी स्क्रू घ्या, डोकं सात-आठ मिमीचं. तो हँड ड्रिलमध्ये पकडा. दुचाकीच्या स्पेअरच्या दुकानात इंजिनाचे वॉल्व्ह घासायची बारीक पेस्ट मिळते, ती डोक्याला लावा. ड्रिल अगदी हळू फिरवा आणि हात आठच्या आकारात डोलवत राहा, म्हणजे एकाच जागी खड्डा पडणार नाही. अर्ध्या-एक मिनिटाने पुसून बघायचं. कडेवर सगळीकडून सारख्या रुंदीची बारीक चकाकणारी कडी दिसली की थांबा. जास्त नको. मग पेस्ट पूर्ण पुसून गोळी तोंडाकडून बाहेर काढा, नळी पुन्हा धुवा.

---

नौपाड्याचा_निशाणा

दोन गोष्टी राहिल्यात.

एक, ब्रीचमध्ये तेल. रायफल कपाटातून काढली की बरेच जण ब्रीचच्या भोकातून शिलाई मशीनचं तेल किंवा स्प्रे मारतात. पिस्टन हवा एवढी पटकन दाबतो की ती खूप तापते, तेलाची वाफ पेटते, धूर आणि मोठा आवाज येतो. डिझेल इंजिनात जे मुद्दाम केलं जातं ते इथे नको असताना होतं. वेग एकेका छर्‍याला वेगळा, सील जळतं, स्प्रिंग लवकर बसते, म्हणजे ताकद गमावते. तुमच्या रायफलमधून धूर किंवा जळका वास येत असेल तर पंधरा-वीस छर्रे मारून बघा, कमी होत गेला तर तेलच होतं. कमीच होत नसेल तर पिस्टन सील गेलं असेल. स्प्रे करून गंज काढायचे जे डबे मिळतात ते सिलेंडरच्या भोकात कधीच मारू नका.

पिस्टन सील आणि स्प्रिंग बदलायला रायफल उघडावी लागते, आणि आतली स्प्रिंग आधीच दाबलेली असते. मागचा प्लग सुटताना ती तोंडावर उडते. स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल तर हे काम घरी नको, विक्रेत्याकडे द्या. उघडणार्‍याला एवढं सांगा: पिस्टनच्या बाजूंना मॉलिब्डेनमची पेस्ट थोडीशी, स्प्रिंगला चिकट जाड ग्रीस, सीलच्या तोंडाला काहीही नाही.

दुसरं, बॅकस्टॉप. फ्लॅटमध्ये १० मीटर जुळवायला लोक हॉल आणि पॅसेज मिळून सरळ रेषा काढतात. मध्ये कोणताही दरवाजा उघडत असेल तर तो आतून बंद आणि घरात कोण कुठे आहे हे माहीत हवं. मागे तिरपी बसवलेली जाड लोखंडी प्लेट, तिच्यासमोर जाड रबर किंवा एसीच्या कामात वापरतात ती डक्ट पुट्टी भरलेला डबा. कडक भिंतीवर छर्रा उलट येतो. डोळ्याला चष्मा हवाच, बघणार्‍यालाही. गच्ची आणि बाल्कनी पूर्ण वर्ज्य.

---

खारघर_सेक्टर

सगळ्यांचे आभार, खूप उपयोगी पडलं. क्रमाने तपासलं, निकाल असे:

पुढचा डावा स्क्रू सैल होता, बोटाने फिरत होता. पिव्हट ठीक. टिश्यू उजव्या बाजूला फडफडतो. क्रोनोग्राफवर दहा छर्‍यांचा वेग १३८ ते १६० मीटर. नळीतून ढकललेला छर्रा एकसारखा सरकतो, शेवटी किंचित घट्ट, रेषा सगळीकडे नीट. म्हणजे रायफलिंग जिवंत आहे. क्राउनवर एका जागी कापूस अडकतो. डब्यातले छर्रे पांढरे पडले होते, नवे घेतले.

ब्रीच सील काढून मापलं. ते चपटं आणि कडक झालंय. खाचेचा बाहेरचा व्यास ११.५, आतला ६ आणि खोली २.३ मिमी. यात कोणती ओ-रिंग घालू? आणि लायनरचा विषय बंद करू ना?

---

बोअर_गेज (रबाळे)

लायनर बंद. छर्रा शेवटी घट्ट होतोय म्हणजे तुमच्या नळीत चोक आहे. बोअर करून तो घालवला असता तर हाताशी असलेली चांगली वस्तू गेली असती.

ओ-रिंग: खाचेची रुंदी ११.५ वजा ६, त्याचं अर्धं म्हणजे २.७५ मिमी. ओ-रिंग आतून ६ मिमी आणि जाडी २.५ मिमीची घ्या. बाहेरचा व्यास ११ येईल, खाचेत पाव मिलिमीटरची मोकळीक राहील, आणि २.३ खोलीतून ती ०.२ मिमी वर उभी राहील. बॅरल बंद केलं की रबर दबून बाजूच्या मोकळ्या जागेत पसरतं, ती जागा हवीच. ३ मिमी जाडीची ठोकून बसवली तर बॅरलचं लॉक पूर्ण बसणार नाही आणि ब्रीच वर उचललं जाऊन नेम बदलेल.

रबर नायट्राइल, कडकपणा ७० शोअर. पॉलियुरेथेन मिळालं तर जास्त टिकेल. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये हायड्रॉलिक-न्यूमॅटिक फिटिंगची दुकानं आहेत, किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला सुट्टी मिळेल. चार-पाच एकदम घ्या, किंमत अगदी किरकोळ असते. घेताना दुकानातच व्हर्नियरने जाडी मोजा, २.४ आणि २.६२ पण त्याच डब्यात मिसळलेल्या असतात.

जुनी काढताना लोखंडी टोचा नको, लाकडी टूथपिक वापरा. खाचेच्या तळावर ओरखडा पडला तर हवा सीलखालून जाते आणि नवी रिंगसुद्धा उपयोगाची नाही. खाच अल्कोहोलने पुसा, रिंग कोरडी बसवा. नंतर पुन्हा टिश्यू लावून बघा. अजून थोडं फडफडलं तर रिंगखाली पातळ शिम: प्रिंटरच्या पारदर्शक शीटची चकती, साधारण ०.१ मिमी. कोल्ड्रिंकच्या बाटलीचं प्लास्टिक जाड पडतं. एकच चकती, दोन नको.

---

दहा_मीटर_ठाणे

तुमच्या आकड्यांवरून पुढचा अंदाज सांगते. आधी स्क्रू आणि सील एवढंच करा, क्राउनला हात लावू नका, आणि पुन्हा ग्रुप मारा. मग क्राउन. सगळं एकाच दिवशी केलं तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि पुढच्या वर्षी ग्रुप पुन्हा फाकला की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

सील नीट बसलं तर वेगाचा डोल सहा-सात मीटरच्या आत यायला हवा. १५८ ते १६४ असा आला तर १० मीटरवर उभा फरक जेमतेम दीड मिलिमीटर उरतो. सरासरीही १६०च्या वर राहिली पाहिजे. ०.५३ ग्रॅमच्या छर्‍याला १६० मीटरला सुमारे ६.८ ज्यूल मिळतात, जुन्या स्प्रिंग रायफलला ते ठीक आहे. डोल कमी झाला पण सरासरी १५०च्या खाली अडकली, तर स्प्रिंग बसली आहे किंवा पिस्टन सील गळतंय, आणि तेव्हा रायफल विक्रेत्याकडे उघडायला द्या. वेग वाढवायला जास्त ताकदीची स्प्रिंग मागू नका. तिने झटका वाढतो आणि तुमचा ग्रुप उलट मोठा होईल.

वापर झाला की प्रत्येक वेळी बाहेरून हलक्या तेलाच्या कापडाने पुसा, घामाच्या बोटांचे ठसे आपल्याकडे रात्रीत गंजतात. जूनच्या आधी नळीतून तेलाचं एक कापड ओढून ठेवा आणि पहिल्या छर्‍याआधी दोन कोरडी कापडं ओढून ते काढा. रायफल फोमच्या बंद पिशवीत ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो. कापडी खोळ, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि स्प्रिंग नेहमी मोकळी.